गेमसाठी बेताच्या पैशांत लॅपटॉप घ्यायचाय? आधी वॅट विचारा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, महिनाभर राहिला की मला फोन यायला लागतात. ‘ताई, पोराला लॅपटॉप घ्यायचाय. अभ्यासाला, आणि थोडं गेम खेळायला. साठ-पासष्ट हजारांच्या वर नको.’ मी गोव्यात डिचोलीत राहते, आणि २०२२ पासून नात्यातल्या, वाड्यावरच्या पोरांचे वीस-पंचवीस लॅपटॉप मी निवडून दिलेत. फोन करणाऱ्याला बहुतेक वेळा आधीच कुणीतरी सल्ला दिलेला असतो. ‘आय७ घे, डोळे झाकून.’ ‘सोळा जीबी रॅम असली की सगळं चालतं.’ ‘ग्राफिक्स कार्ड आहे असं लिहिलंय ना? मग झालं.’ हे तिन्ही सल्ले पैसे बुडवतात. तिसरा सगळ्यांत जास्त, कारण त्याच्यावर विसंबून मी भावाच्या लॅपटॉपचे ६२ हजार मोजले होते.

आधी गेमची नावं लिहा

पोराकडून कागदावर चार गेम लिहून घ्या. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग एवढंच निघालं, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या चिपची, गरज नाही. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं, फक्त खाली रॅमबद्दल लिहिलंय ते पाळा. जीटीए ५, ईएचा फुटबॉल किंवा त्याहून जड काही असेल, तर वेगळं कार्ड हवंच.

प्रोसेसर: आकडा नको, अक्षर बघा

इंटेलच्या आय३, आय५, आय७ या प्रोसेसरांवर भांडणाऱ्यांनी नावाच्या शेवटचं अक्षर वाचावं. ‘यू’ म्हणजे बॅटरी वाचवणारा, साधारण १५ वॅटचा प्रोसेसर. ‘एच’ म्हणजे ४५ वॅटच्या वर्गातला, दमदार. आय७-१२५५यू मध्ये जोरदार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) फक्त २, आय५-१२४५०एच मध्ये ४. गेमसाठी हा आय५ त्या आय७ पेक्षा बरा, आणि बहुधा स्वस्तही.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये वेगळा खड्डा आहे. ७००० मालिकेत पहिला ७ म्हणजे कोणत्या वर्षाची मालिका, आणि तिसरा आकडा म्हणजे आतली रचना किती नवी. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे ‘झेन २’ नावाची रचना, जी मुळात २०१९ ची. आतलं ग्राफिक्सही अगदी दुबळं. ‘सात हजार सिरीज, एकदम नवीन’ म्हणून हाच पुढे सरकवला जातो. तिसरा आकडा ३ किंवा ४, आणि शेवटी एचएस, हे बघून घ्या. कार्डाविना घेणार असाल तर रायझन ७ ७७३५एचएस सारख्यातलं रेडिऑन ६८०एम हे ग्राफिक्स मला आवडतं.

ग्राफिक्स कार्ड: इथेच सगळे फसतात

२०२२ च्या चवथीआधी धाकट्या भावाला घेऊन मी पणजीला गेले. दोन लॅपटॉप समोर होते, दोन्हींवर ‘आरटीएक्स ३०५०’. एक जाड, काळा. दुसरा पातळ, चंदेरी, पावणेदोन किलोचा. दुकानदार म्हणाला, ‘बाई, कार्ड दोन्हीत तेच आहे. हा दिसतोही छान, कॉलेजला न्यायलाही हलका.’ मला पटलं. चंदेरी घेतला.

घरी जीटीए ५ लावला. पहिली दहा मिनिटं सेकंदाला साठच्या वर फ्रेम (चित्रं) दिसत होत्या, भाऊ खूश. विसाव्या मिनिटाला आकडा चाळिशीत आला, आणि गाडी वळणावर घेतली की चित्र अडकायला लागलं. मग दोन आठवडे मी काय काय केलं! ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकली, मागे टेबलफॅन लावून पाहिला, गेममधल्या सावल्या आणि झाडं कमी केली. फरक नावापुरता.

चवथीच्या दिवशी म्हापशाचा आतेभाऊ आला. त्याच्याकडे अडीच किलोचा जाडजूड लॅपटॉप, कार्ड तेच ३०५०. दोघे पोरगे माटोळीखालून (गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या सजावटीखालून) उठून सोप्यावर जाऊन बसले, तोच गेम, तीच सेटिंग. तासभर खेळले, त्याचा आकडा साठच्या खाली आला नाही. मी दोन्ही चार्जर शेजारी शेजारी ठेवले. आमचा तळहाताएवढा, त्याचा विटेसारखा. उलटे करून बारीक अक्षरं वाचली. आमच्यावर १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअर. त्याच्यावर २० व्होल्ट, ९ अँपिअर. गुणाकार केला: ९० वॅट आणि १८० वॅट. गेले दोन आठवडे मी ज्याच्यामागे लागले होते ते त्या स्टिकरवर छापलेलं होतं.

गोष्ट अशी आहे. ‘आरटीएक्स ३०५०’ हे चिपचं नाव. तिला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, कारण तेवढी उष्णता बाहेर फेकायला पंखे आणि तांब्याच्या नळ्या लागतात आणि पातळ लॅपटॉपमध्ये त्यांना जागा नसते. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ३०५० ला ३५ पासून ८० वॅटपर्यंत मोकळीक दिलेली आहे. म्हणजे तेच नाव लावून कुणी दुसऱ्यापेक्षा निम्म्याहून कमी वीज देऊ शकतो. आधीच्या पिढ्यांत पातळ लॅपटॉपमधल्या कार्डाच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ अशी शेपटी असे, ती बघून तरी कळायचं. २०२१ मध्ये ३० ची मालिका आली आणि ती शेपटी नावातून गेली. आता लॅपटॉपवरचं कार्डाच्या नावाचं स्टिकर बघून काहीही कळत नाही.

कार्डाला मिळणाऱ्या या वॅटना ‘टीजीपी’ (टोटल ग्राफिक्स पॉवर) म्हणतात. तो शोधायचे तीन मार्ग मी वापरते.

पहिला, कंपनीच्या संकेतस्थळावरचा त्याच मॉडेलचा तांत्रिक तक्ता. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण एकाच नावाखाली तीन-चार प्रकार विकले जातात. ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ किंवा ‘टीजीपी’ अशी ओळ शोधा. तिथे ‘डायनॅमिक बूस्टसह’ असं असेल तर समजा की त्यातले १५ वगैरे वॅट प्रोसेसरकडून उसने घेतलेले आहेत. प्रोसेसरवर ताण आला की ते परत जातात. ‘६० अधिक १५’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचं मला बरं वाटतं. जिथे वॅटचा आकडाच नाही, ते मॉडेल मी यादीतून काढून टाकते. चांगला आकडा कुणी लपवत नाही.

दुसरा मार्ग चार्जर. व्होल्ट गुणिले अँपिअर, बस. साधा हिशेब धरा: कार्डाला ७५, प्रोसेसरला ४५, स्क्रीन, पंखे आणि बाकीच्याला २०. झाले १४०. म्हणून दीडशेच्या आसपासचा चार्जर असल्याशिवाय ७५ वॅटचं कार्ड सतत नीट चालणं कठीण. पण एक लक्षात ठेवा. लहान चार्जर हा कमी वॅटचा पुरावा आहे, मोठा चार्जर हा जास्त वॅटचा पुरावा नाही. मोठा दिसला तरी तक्ता बघायचाच.

तिसरा, दुकानात मांडलेला लॅपटॉप सुरू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’वर जा. यादीत ग्राफिक्स पॉवरचा वॅटमधला आकडा असतो. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार घाई करत असेल तर करू दे, पैसे तुमचे आहेत.

आता माझी मतं, आणि यावर मी वाद घालत नाही. ३०५० घेत असाल तर ६० वॅटच्या खाली नको, ७५ मिळालं तर उत्तम. आरटीएक्स २०५० स्वस्त मिळतं म्हणून मोहात पडू नका. ते ३० ते ४५ वॅटचं कार्ड, त्याचा मेमरीचा रस्ता ६४ बिटचा. ४ जीबीवाल्या ३०५० चा १२८ बिटचा, म्हणजे दुप्पट रुंद. हलक्या गेमपुरतं २०५० ठीक, पण हलके गेम कार्डाविनाही चालतात, मग मधल्यामध्ये पैसे कशाला? थोडं ताणून आरटीएक्स ४०५० जमत असेल तर घ्या, कारण त्याला ६ जीबी मेमरी आहे आणि नव्या गेमना ४ जीबी अपुरी पडायला लागली आहे. पण तिथेही ३५ ते ११५ वॅट एवढी दरी आहे, तेव्हा वरचे तिन्ही मार्ग पुन्हा पहिल्यापासून.

आणि हो, परीक्षणाचे व्हिडिओ बघताना पहिल्या पाच मिनिटांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. थंड लॅपटॉप कसाही धावतो. अर्ध्या तासानंतरचा आकडा दाखवणारा व्हिडिओ शोधा. चांगल्या व्हिडिओत स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचे, म्हणजे ग्राफिक्स चिपचे, वॅट आणि तापमान सतत दिसत असतं. त्यातही तो बहुधा एसीच्या खोलीत केलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात बल्कावात (घराच्या दारासमोरच्या बैठकीत) बसून खेळणारा पोरगा ३३-३४ अंशांची दमट हवाच लॅपटॉपला पाजत असतो, त्यामुळे काठावरचा लॅपटॉप इथे काठाखाली जातो. म्हणून मी वॅटइतकीच मागची आणि खालची जाळी बघते. खाली मोठी जाळी आणि मागून गरम हवा जायला मोकळी वाट असेल तर बरं. गरम हवा थेट स्क्रीनच्या बिजागरीवर सोडणारे पातळ लॅपटॉप मला नकोत.

रॅम

८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी लगेच बसवा. १६ जीबी घ्यायची तर ८ च्या दोन. दोन पट्ट्या असल्या की मेमरीचा रस्ता दुहेरी होतो, आणि वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स याच रस्त्यावर जगतं. इंटेलच्या प्रोसेसरमधलं ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स एकाच पट्टीवर चालत असेल तर विंडोजमध्ये त्याचं नावसुद्धा बदलून ‘यूएचडी ग्राफिक्स’ असं दिसतं. साखळी गावच्या एका मुलाला वाटलं होतं की दुकानदाराने दुसराच लॅपटॉप दिला. एक पट्टी घातली, नाव परत आलं आणि व्हॅलोरंट सुरळीत झाला. घेण्याआधी विचारायचं ते इतकंच: रॅमची जागा मोकळी आहे की रॅम बोर्डावर डकवलेली आहे? डकवलेली ८ जीबीच असेल तर ते मॉडेल सोडून द्या.

स्क्रीन आणि साठवण

५१२ जीबीची एसएसडी, आणि दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळी जागा आहे का ते विचारा. मोठा गेम एकटाच १०० जीबीच्या आसपास जागा खातो. १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनच्या) जाहिरातीला भुलण्याआधी रंग बघा. ‘४५ टक्के एनटीएससी’ (हे रंगांच्या व्याप्तीचं माप) लिहिलेली स्क्रीन फिकट, धुऊन काढल्यासारखी दिसते, ती शक्यतो टाळा.

आपल्या गावचा हिशेब

पावसाळ्यात वीज जाते-येते हे आपल्याला सांगायला नको. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि कार्डाची वीज आपोआप कापली जाते, गेम मंदावतो. तो बिघाड नाही, त्यासाठी दुकानात फेऱ्या मारू नका. वीज परत येताना मात्र चार्जरचा प्लग काढलेला असू द्या, पाच मिनिटांनी लावा.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पोर्ट आणि जाळ्या महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्याव्यात, खारी हवा धातूला सोडत नाही. पावसात लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिला की आतला दमटपणा टिकत नाही.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्त करणारी आहे की आपण घेऊन जायचं, हे विचारा, आणि आपल्या गावचा पिनकोड देऊन विचारा. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या माणसाला लॅपटॉप काखेत मारून पणजी-मडगाव करायला लागलं की एक दिवस जातो.

पैसे देताना

चवथ ते दिवाळी या काळात भाव उतरतात, बँकेच्या कार्डावर आणखी सूट मिळते; घाई नसेल तर तेव्हाच घ्या. खोका समोर उघडायला सांगा. चार्जर उलटा करून गुणाकार पुन्हा एकदा करा, कारण मांडलेला वेगळा आणि खोक्यातला वेगळा असं माझ्याबाबतीत एकदा झालंय. मग लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकमेकांशी जुळवा आणि मगच कार्ड पुढे करा.