जुन्या अमेरिकी प्रवचनपुस्तिका आणि त्यांच्या मालकांचा माग

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, १८०० पूर्वी छापलेल्या प्रवचनपुस्तिका जमवू पाहणाऱ्याने आधी एक प्रकार निवडावा: निवडणुकीच्या दिवशी दिलेली, अंत्यविधीची, फाशीच्या कैद्यासमोर दिलेली किंवा नव्या पाळकाच्या दीक्षाविधीची. प्रसिद्ध पाळक जॉनथन एडवर्ड्स यांनी १७४१ मध्ये एनफील्ड या गावी दिलेल्या प्रवचनामागे सगळेच धावतात. माझ्या मते, कोणा अपरिचित पाळकाची, पण समासात टिपणे असलेली पुस्तिका अधिक बोलते.

यांतील पुष्कळ पुस्तिका कडेला भोके पाडून, दोरा ओवून नुसत्या शिवलेल्या असत. ती शिलाई उसवून नवी बांधणी करू नये आणि पाने धुऊ तर मुळीच नयेत, कारण मालकाचे नाव बहुधा शीर्षकपानाच्या वरच्या कडेला असते आणि बांधणीकाराच्या कातरीखाली तेच आधी जाते. पुसट झालेली लोहयुक्त शाई अतिनील दिव्याखाली अनेकदा वाचता येते.

नाव सापडले की खरे काम सुरू होते. आजोबा, वडील आणि मुलगा यांचे नाव एकच असणे तेथे नित्याचे होते, म्हणून नावाबरोबर गाव आणि तारीख जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. १७५२ पर्यंत तेथील अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीतील नोंदीत ‘१७२१/२२’ असे जोडवर्ष (जुन्या गणनेने १७२१, आजच्या गणनेने १७२२) दिसले तर तो लिहिणाऱ्याचा गोंधळ समजू नये. मॅसॅच्युसेट्समधील अनेक गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी छापील आहेत. मालक पाळक असेल तर हार्वर्डच्या जुन्या पदवीधरांचे चरित्रखंड पाहावेत. एकाच हस्ताक्षरात दोन आडनावे आढळली, तर ती विवाहापूर्वी आणि विवाहानंतर सही करणारी एकच स्त्री असू शकते. मृत्यूनंतरच्या मालमत्तायाद्यांवर मात्र फार विसंबू नये. त्यांत पुष्कळदा ‘जुन्या पुस्तिकांचा गठ्ठा’ एवढेच लिहून कारकून मोकळा होतो.

मराठी संग्राहकासाठी एक पुस्तिका विशेष जवळची आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे पाच मिशनऱ्यांच्या दीक्षाविधीत लेनर्ड वुड्स यांनी प्रवचन दिले आणि ते त्याच वर्षी बॉस्टनमध्ये छापले गेले. त्या पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८०० ची मर्यादा या एका पुस्तिकेसाठी मी खुशाल मोडतो.

पुस्तिकेवर ग्रंथालयाचा शिक्का किंवा नामपट्टी (मालकाच्या नावाची चिकटवलेली चिठ्ठी) असेल, तर ती रीतसर संग्रहातून काढली होती का, हे खरेदीपूर्वी त्या संस्थेलाच विचारावे. बॉस्टनचे पाळक थॉमस प्रिन्स यांनी १७०३ पासून जमवलेल्या ग्रंथांवर त्यांची छापील नामपट्टी असे. त्यांचा संग्रह आज बॉस्टन पब्लिक लायब्ररीत आहे. तशी पट्टी बाजारात दिसली, तर पैसे देण्याआधी तेथे पत्र लिहावे.