ओव्हरफ्लोचा ड्रेन असा करा की आवाज नको आणि खोलीत पाणीही नको

माशांच्या टाकीखाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, लावून ती चालू केली की पहिल्याच रात्री कळतं, दर दहा सेकंदांनी कोणीतरी फ्लश ओढतंय असा आवाज, मग शांत, मग परत गुर्रर्र. मी तर महिनाभर पंपाला दोष देत बसलो होतो, पंप बिचारा गप्प होता.

आवाज पाण्याचा नसतो हो, हवेचा असतो. एकाच पाइपातून पाणी आणि हवा दोन्ही जायला बघतात, पाइप भरत आला की सायफन लागतो, तो भसकन सगळं ओढून घेतो, ओव्हरफ्लो बॉक्समधली (टाकीच्या कडेचा कप्पा, ज्यात वरचं पाणी सांडून मग पाइपाने खाली संपमध्ये जातं) लेव्हल खाली गेली की हवा घुसते, सायफन तुटतो आणि परत पहिल्यापासून. डर्सो पाइप म्हणजे वर टी किंवा एल्बो आणि टोपीला हवेचं छोटं भोक, कमी फ्लोला ठीक चालतो पण फ्लो वाढवला की परत घुरघुर. म्हणून माझं म्हणणं, एका पाइपावर भागवूच नका, तीन टाका. जागा नसेल तर किमान दोन, एक सायफनचा आणि एक इमर्जन्सीचा, त्याला हर्बी म्हणतात. तीनवाल्याला बीनअ‍ॅनिमल.

तिघांचं काम वेगळं. पहिला फुल सायफन, ह्यात फक्त पाणी, हवेचा बुडबुडा पण नको, म्हणून ह्याचं तोंड खाली वळवून बॉक्समध्ये चांगलं खोल ठेवायचं आणि खाली संपजवळ हात पोचेल तिथे गेट वॉल्व्ह लावायचा. बॉल वॉल्व्ह नको, तो पाव फेऱ्यात पूर्ण बंद होतो, बारीक सेटिंग जमतच नाही, तिथे पैसे वाचवू नका. दुसरा ओपन चॅनेल, सायफनला न जमलेलं थोडं पाणी ह्याच्या भिंतीवरून ओघळत जातं आणि मधून हवा खेळती राहते. ह्याच्या डोक्यावर एक बारीक हवेची नळी काढायची आणि तिचं तोंड नेहमीच्या लेव्हलच्या थोडं वर ठेवायचं, म्हणजे पाणी कधी चढलंच तर ते तोंड बुडतं, हवा बंद होते आणि हा पण सायफन होऊन जोरात ओढायला लागतो. तिसरा इमर्जन्सी, सरळ उभा, सगळ्यात उंच पण टाकीच्या काठापेक्षा खाली, आणि एरवी कोरडा ठणठणीत. त्याला जाळी लावायची नाही. मी लावली होती, पानं अडकू नयेत म्हणून, आणि एक गोगलगाय नेमकी त्याच जाळीवर जाऊन बसली.

ह्या पाइपांसाठी टाकीला भोकं पाडायच्या आधी काच टेम्पर्ड नाही ना हे बघाच, टेम्पर्ड काचेला ड्रिल लावलं की भोक पडत नाही, अख्खी काच चुरा होते. बऱ्याच तयार टाक्यांचा तळ टेम्पर्ड असतो. काचेच्या मागे लॅपटॉपची स्क्रीन पांढरी करून धरा आणि पुढून पोलराइज्ड गॉगलमधून बघा, डाग किंवा पट्टे दिसले तर हात लावू नका. साधी असेल तर डायमंड होल सॉ, सतत पाणी, हॅमर मोड बंद, आणि दाब म्हणजे फक्त मशीनचं वजन. काठापासून किमान भोकाच्या व्यासाइतकी काच सोडा.

बल्कहेडचा (काचेच्या भोकात बसून पाइप धरणारा नटवाला जोड) रबर वायसर फ्लँजच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, नटाच्या बाजूला नाही. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस. पाना घेऊन आवळलं की वायसर चेंगरून बाहेर येतो आणि तिथूनच गळतं. बॉक्सच्या आतले पाइप नुसते दाबून बसवा, सफाईला निघाले पाहिजेत, बाहेरचे मात्र सॉल्व्हंटनेच चिकटवा आणि मध्ये युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, टाका. वळण घ्यायचं तर ९० च्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन.

संपमध्ये सायफनचं टोक पाण्यात २-३ सेमीच बुडवा, जास्त खोल गेलं की चालू करताना पाइपातली हवा बाहेर निघत नाही आणि सायफन लागत नाही. इमर्जन्सीचं टोक मात्र पाण्याच्या वर, म्हणजे त्यातून पाणी पडलं की खळखळाट होऊन तुम्हाला कळेल, तोच अलार्म.

आता सेटिंग. वॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप चालू करा, सायफन सुर्रर्र करत हवा ओढेल. मग वॉल्व्ह थोडा थोडा बंद करा, प्रत्येक वेळी दोन-चार मिनिटं थांबा, घाई केली की लेव्हलच्या मागे धावत बसाल. दुसऱ्या पाइपात बारीक धार जायला लागली की हात काढा.

लाइट गेली तर? १२० बाय ४५ सेमी टाकीत १ सेमी पाणी म्हणजे ५.४ लिटर. रिटर्नचं, म्हणजे संपमधून पाणी परत वर आणणाऱ्या पाइपाचं, तोंड ३ सेमी खोल असेल तर १६ लिटर उलटं खाली येणार, वर बॉक्स आणि पाइपांतलं वेगळं. तेवढी जागा संपमध्ये मोकळी पाहिजे. चेक वॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारा) भरवशावर झोपू नका, एक शेवाळाचा तुकडा अडकला की तो उघडाच राहतो. रिटर्नचं तोंडच पृष्ठभागाजवळ ठेवा.

मग मुद्दाम वाट लावून बघा. सायफनचं तोंड हाताने दाबा, मग दुसऱ्याचं पण, इमर्जन्सी एकटा सगळा फ्लो घेतोय का बघा. पंप दहा मिनिटं बंद ठेवा, संपवर मार्करने रेघ मारा, परत चालू करा, सायफन आपोआप लागला पाहिजे. हे सगळं टाकीत मासे सोडायच्या आधी.

आणि गेट वॉल्व्हचं हँडल निघत असेल तर सेटिंगनंतर काढून ठेवा, घरात आलेला प्रत्येक जण "हे काय आहे" म्हणत ते एकदा फिरवतोच.