मॉलच्या टॉयलेटमध्ये झाड लावण्याआधी

इंटिरिअरचा कोर्स संपवून पुण्यात नोकरीला लागले, तेव्हा पहिलं स्वतंत्र काम वाट्याला आलं ते मॉलच्या टॉयलेटचं. मैत्रिणींना हॉटेलच्या लॉबी मिळाल्या होत्या, त्यामुळे घरी मी नुसतं 'मॉलचं काम आहे' एवढंच सांगायचे. क्लायंटची फर्माईश होती, 'निसर्गाच्या जवळचं, सस्टेनेबल काहीतरी.' जागा तळघरात आणि खिडकी एकही नाही.

निसर्ग म्हणजे नैसर्गिक दगड, हे तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं. बेसिनच्या ओट्याला आणि जमिनीला मी हिरवट कोटा लावला. फोटो झकास आले. तीन आठवड्यांनी गेले तर युरिनलखाली पांढरे, खरबरीत चट्टे. सफाईच्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, अ‍ॅसिड टाकलं की कसा फेस येतोय बघा! मळ निघतोय म्हणून आम्ही अजून ओतलं." तो मळ नव्हता. कोटा काय, शहाबादी काय, कडप्पा काय, सगळे चुनखडीचे दगड. अ‍ॅसिड पडलं की फसफसणारच. मावशी माझी फरशीच विरघळवत होत्या, तीही मन लावून.

चूक त्यांची नव्हती. सफाईचं कंत्राट बदललं की डब्यातलं केमिकलही बदलतं, आणि तुमच्या सूचनांचा कागद कुठल्या तरी फाइलीत जातो. आता ओल्या भागात ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल घालते, सांधे इपॉक्सीने भरते आणि कोटा बाहेरच्या पॅसेजच्या भिंतीवर लावते. लाकडासारखी दिसणारी टाइल आणि पानांचा वॉलपेपर याला मात्र निसर्ग म्हणायला माझी अजून जीभ वळत नाही.

निसर्गाकडून घ्यायची ती कामाची पद्धत. झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात ईस्टगेट सेंटर ही दुकानं आणि ऑफिसं असलेली इमारत 1996 साली झाली. वास्तुकार मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळावरून कल्पना घेतली. रात्रीची थंड हवा काँक्रीटच्या अंगात मुरवायची, आणि दिवसा तापून हलकी झालेली हवा उंच धुराड्यांतून वर निघून जाऊ द्यायची. वारुळातली हवा नेमकी तशी खेळत नाही, असं पुढे संशोधकांनी दाखवलं. तरी इमारत चालतच राहिली, हे विशेष!

तळघरातल्या टॉयलेटला यातून घ्यायचं ते एवढंच : हवेची वाट आधी काढा, भिंती नंतर सजवा. आतल्या हवेचा दाब पॅसेजपेक्षा कमी हवा, म्हणजे हवा दारातून आत येते आणि कमोडच्या मागून वर खेचली जाते. वारा माणसाच्या नाकावरून कमोडकडे जावा, उलटा नको. शिवाय नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालचं भांडं. त्यात साधारण 50 मिलिमीटर पाणी साठून राहतं आणि तेच गटाराची घाण हवा अडवतं. कोपऱ्यातल्या ट्रॅपकडे ढाळ नीट नसला की तिथं पाणी पोचत नाही, ट्रॅप सुकतो आणि वास येतो. मग सगळे एअर फ्रेशनर बदलत बसतात. प्लंबरसोबत उभं राहून, बादलीभर पाणी ओतून ढाळ स्वतः बघा. आयजीबीसीची, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची, परीक्षा जरूर द्या, बायोडेटाला वजन येतं. ढाळ मात्र तिथं शिकवत नाहीत.

पाण्याचंही तसंच. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, आलेलं पाणी फ्लशला वापरणं उत्तमच, पण त्याला पिवळट झाक राहिली तर येणाऱ्याला वाटतं, आधीच्याने फ्लशच केलं नाही. तो आधी एकदा फ्लश करतो, मग काम झाल्यावर पुन्हा. 3 आणि 6 लिटरच्या दोन बटणांची बचत तिथंच वाहून जाते. गाळणीवर पैसे वाचवू नका.

क्लायंटच्या आग्रहाखातर स्पीकरवर पक्ष्यांचे आवाजही लावले होते. भर डिसेंबरात कोकीळ! दिवसभर तेच कुहूकुहू ऐकून मावशींनी चौथ्या दिवशी वायर काढून टाकली. मी ती परत लावली नाही.

आता झाडं. स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट कमी उजेडात तग धरतात. धरतात म्हणजे लगेच मरत नाहीत, इतकंच. म्हणून कुंड्यांचे दोन संच ठेवायचे, पंधरा दिवस खाली, पंधरा दिवस वर गच्चीत सावलीला. एवढं करूनही आमची झाडं वाळली. चौकशी केली तर मावशी मला बेसिनपाशी घेऊन गेल्या. कुंड्यांना पाणी भरायचं तर सेन्सरच्या नळाखाली बादली बसत नाही, आणि पाण्याचा मग धरला तर अर्धा भरायच्या आत पाणी बंद. मॉप धुवायचं पाणी मावशी अपंगांसाठीच्या टॉयलेटमधल्या जेट स्प्रेने भरत होत्या, आणि बादल्या-झाडूही तिथंच ठेवत होत्या. माझ्या ड्रॉइंगमध्ये त्यांच्यासाठी दुसरी जागाच नव्हती.

पुढच्या मॉलच्या नकाशावर मी आधी चार बाय पाच फुटांची एक खोली काढली : जमिनीपासून दोन फुटांवर साधा पिळायचा नळ, खाली मोरी, भिंतीला झाडू अडकवायचे हुक. क्लायंटने विचारलं, "यात निसर्ग कुठंय?" म्हटलं, "कुंड्यांना पाणी इथून जाणार आहे."