एअर फिल्टर, लाल लुगडं आणि घुग्घुसचा रस्ता

चंद्रपूरहून घुग्घुसला कधी गाडीने गेला असाल तर एअर फिल्टर कशासाठी असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढे कोळशाचा ट्रक, मागे कोळशाचा ट्रक आणि मध्ये माझी वॅगन आर. ट्रकवर ताडपत्री असते. बांधलेली असतेच असं नाही. त्या बाजूच्या शाळेत मी शिकवते, जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर.

फिल्टर स्वतः बदलायला लागले ती हौस म्हणून नव्हे. एका वर्षी सर्व्हिसिंगच्या बिलात 'एअर फिल्टर बदलला' असं लिहून पैसे लावले होते. घरी येऊन सहज फिल्टरचा डबा उघडला, तर आत माझंच अक्षर! आदल्या वर्षी गॅरेजवाले नवा फिल्टर बसवत होते तेव्हा मी त्याच्या कडेला मार्करने तारीख घातली होती. वह्या तपासून तपासून लागलेली सवय, दुसरं काय. भांडायला गेले नाही, पण ते काम त्यांच्या हातात पुन्हा दिलं नाही.

आधी थोडं गणित. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एका लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. माझ्या रोजच्या फेरीत अडीच लिटर पेट्रोल जातं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या बावीस टाक्या भरतील एवढी हवा त्या एका कागदी फिल्टरमधून गाळून इंजिनात जाते. आणि इकडच्या हवेत नुसता कोळसा नसतो; रस्त्याची माती असते, वीज केंद्राची राख असते. माती आणि राख यांत सिलिका असते. ती सिलिंडरच्या भिंतीवर अन् पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश पेपरसारखी घासते. खरी भीती तिची.

मायलेजची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली तपासलं, तेव्हा आजच्या इंजेक्शनवाल्या (पेट्रोल मोजून फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने मायलेजमध्ये फारसा फरक पडला नाही. गाडी वेग पकडायला मात्र जड झाली. माझाही अनुभव तोच. ओव्हरटेक करताना गाडी 'थांबा मॅडम, येते' म्हणायला लागली की मी समजते.

दुकानात नुसतं 'फिल्टर द्या' म्हणू नका. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे बसतो तो एसीचा फिल्टर, तो वेगळा. गाडीचं मॉडेल, साल आणि पेट्रोल की डिझेल, तिन्ही सांगा. शक्यतो जुना फिल्टर सोबत न्या आणि लांबी-रुंदी, रबराची कड जुळवून घ्या. मी कंपनीचाच घेते. माझ्या गाडीचा तीन-साडेतीनशेत येतो.

काम इंजिन थंड असताना करायचं. मी जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, सकाळी सहाला करते. त्यानंतर आमच्याकडे बोनेटला हात लावून दाखवा बापा! बोनेट उघडून दांडी नीट अडकवा. इंजिनाकडे जाणारा जाड, चुण्यांचा रबरी पाइप शोधा. तो ज्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यातून निघतो, त्यात फिल्टर. डबा उघडण्याआधी वरून ओल्या फडक्याने पुसून घ्या. हे सगळे विसरतात आणि झाकणावरची धूळ स्वतःच्याच हाताने आत लोटतात.

माझ्या गाडीला क्लिपा आहेत, काही गाड्यांना स्क्रू असतात. क्लिपा बोटाने निघतात, फार तर पेचकसाचा हलका आधार द्या. झाकण ओढू नका, हळू उचला. पाइप त्यालाच जोडलेला असतो, आणि काही गाड्यांत जवळच सेन्सरची वायरही असते. फिल्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कोणती बाजू वर, रबर कुठे बसलंय, सगळं त्यात येतं.

आता डबा साफ करा. माझ्या डब्यात एकदा कडुनिंबाचा पाला, दोन मेलेली झुरळं आणि उंदराने ओढून आणलेली सुतळी निघाली. फडकं ओलं करून, घट्ट पिळून पुसायचं. हवेचा प्रेशर मारू नका, कचरा थेट इंजिनाच्या तोंडात जाईल. झाकणाच्या आतलं ते पाइपाचं तोंड कापडाने झाका.

आणि ते कापड काढायला विसरू नका. मी विसरले होते. पांढऱ्या रुमालाची घडी झाकणाच्या आतल्या तोंडात तशीच राहिली, गाडी सुरू झाली आणि लगेच गचकून बंद पडली. आमचे अहो खुर्चीतूनच म्हणाले, "फिल्टर उलटा बसवला वाटतं." फिल्टर सुलटाच होता! तेव्हापासून आईच्या जुन्या लाल लुगड्याचा हातभर तुकडा वापरते, अर्धा बाहेर लोंबत ठेवते.

नवा फिल्टर फोटोप्रमाणे ठेवा आणि रबराची कड चारी बाजूंनी खाचेत बसली का, बोट फिरवून बघा. कड एका कोपऱ्यात दुमडली तर हवा तिथूनच शिरते, मग फिल्टर असून नसल्यासारखा. झाकण बसलं की सगळ्या क्लिपा लावा. एखादी लागत नसेल तर जोर करू नका. फिल्टर तिरका बसलाय, पुन्हा काढा. शेवटी गाडी सुरू करून डब्यापाशी कान द्या. सूं-सूं आवाज येत असेल तर कुठेतरी फट आहे.

कधी बदलायचा? माझ्या पुस्तिकेत ४०,००० किलोमीटर लिहिलंय, पण धुळीच्या भागात लवकर असंही लिहिलंय. मी वर्षाने बदलते, म्हणजे पंधराएक हजारांनी. मधे एकदा उघडून फिल्टरमागे टॉर्च धरते. उजेड आरपार दिसला तर हलक्या हाताने आपटून परत ठेवते. कागदी फिल्टर धुवायचा नाही, तेल लावायचं नाही. दर रविवारी उघडून आपटणारेही आहेत. त्यांनाही नको म्हणते, कारण कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर बारीक कण अडवायला मदतच करतो, आणि आपटून आपटून कागद फाटतो.

बसवण्याआधी कडेला मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. जुना फिल्टर पिशवीत बांधून मगच टाका. मी पहिल्यांदा अंगणात झटकला होता आणि शेजारच्या काकूंचे धुतलेले पांढरे परकर दोरीवर होते.