जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलावा का? पैसे मोजण्याआधी हे तपासा

लग्नसराईच्या तोंडावर माझा मावसभाऊ आठ हजार रुपये खिशात घालून घरी आला. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ त्याचं पत्रिका आणि फ्लेक्स डिझाइनचं छोटं काम आहे. "दादा, मशीन लई स्लो झालंय. आय७ टाकूया काय?" मशीन म्हणजे इंटेलचा आय३-४१३० प्रोसेसर (आय७ हा त्याच कंपनीचा वरचा), ४ जीबी रॅम आणि पहिल्या दिवसापासूनची हार्ड डिस्क. म्हटलं, पैसे खिशातच ठेव. आधी रोजचं काम माझ्यासमोर करून दाखव.

कामाच्या वेळी टास्क मॅनेजर बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' विभागात जा आणि तो उघडा ठेवूनच नेहमीचं काम करा. मशीन रिकामं असताना बघून काही कळत नाही.

भावानं फोटोंनी भरलेली पत्रिकेची फाइल उघडली. मेमरी म्हणजे रॅम काठोकाठ भरली, डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली आणि प्रोसेसर २०च्या आसपास. प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलेला. रॅम संपली की विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर ठेवतं. ती मुळात सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देणारी, आणि बारीकसारीक फाइली विखुरलेल्या असल्या तर त्याहून कितीतरी कमी. साधी साटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) सेकंदाला ५०० एमबीपर्यंत जाते आणि तिच्यात फिरणारं काहीच नसतं. अशा मशीनमध्ये आय७ टाकला तर तोही तिथंच वाट बघत बसेल. भावाला एसएसडी आणि ८ जीबी रॅम लागली, तीही आठ हजारांच्या आत. प्रोसेसरला हातही लावला नाही.

रॅम घेण्याआधी विंडोज ३२ बिट आहे का ६४, हे 'सिस्टीम'मध्ये बघून घ्या. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही.

आता उलट उदाहरण. उद्यमनगरात एक मित्र मशीनिंग सेंटरसाठी टूलपाथ, म्हणजे कटरनं फिरायचा मार्ग, काढतो. त्याच्याकडे एसएसडी आहे, रॅम निम्मी मोकळी आणि प्रोसेसर मात्र दहा-दहा मिनिटं १०० टक्क्यांवर. इथं प्रोसेसरवर संशय घ्यायला जागा आहे.

इथं एक फसवी गोष्ट आहे. चार कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) साध्या प्रोसेसरवर आकडा २५ टक्क्यांवर अडकलेला दिसला तर "अजून पाऊण ताकद शिल्लक आहे" असं समजू नका. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर' निवडा. कित्येकदा एकच कोअर पूर्ण राबत असतो आणि बाकीचे तीन मोकळे असतात. तुमचं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालत असेल, तर चाराचे आठ कोअर करून फरक पडणार नाही. प्रत्येक कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर लागेल.

तापमान आणि धूळ

मित्राच्या मशीनचं झाकण काढलं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पात्यांमध्ये काळ्या धुळीचा थर. ग्राइंडिंगची धूळ, त्यात तेलाचा ओशटपणा. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांजवळ पोचले की जीव वाचवायला स्वतःहून वेग कमी करतात. एचडब्ल्यूइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तापमान दिसतं. काम चालू असताना ते ९५च्या वर जात असेल तर आधी साफसफाई करा आणि प्रोसेसर-कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, बदला. मग पुन्हा मोजा. मित्राचा निम्मा त्रास एवढ्यावरच गेला.

बोर्डावर (मदरबोर्डवर) काय बसतं?

इथं मी स्वतः पैसे घालवलेत. माझ्याकडे आय३-६१०० होता. वापरलेला आय५-८४०० स्वस्तात मिळाला. दोन्हींचं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ११५१, म्हणून खुशीत घेऊन आलो. बसला छान, पण स्क्रीनवर काही येईना. नंतर कळलं, सहाव्या-सातव्या पिढीचे (६१०० मधला ६ म्हणजे सहावी पिढी) बोर्ड आणि आठव्या-नवव्या पिढीचे बोर्ड वेगळे. पिनांची संख्या तीच, पण जोडणी बदललेली. परत द्यायला गेलो तर विकणाऱ्यानं "चालू माल दिलाय" म्हणून हात वर केले, आणि माल खरंच चालू होता.

म्हणून सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, 'मेनबोर्ड'मधून बोर्डाचं मॉडेल उतरवून घ्या आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी बघा. तिथं नाव आणि लागणारी बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचंच सॉफ्टवेअर) आवृत्ती दोन्ही लिहिलेलं असतं. यादीत नाव नसेल तर विषय संपला.

एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवाले नशीबवान. रायझन या एएमडीच्या प्रोसेसरांच्या पहिल्या पिढीच्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून ५००० मालिका चालते. मात्र ते अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा आणि यूपीएस असल्याशिवाय करू नका. वळवाचा पाऊस आणि आपल्याकडची लाईट यांचं नातं तुम्हाला माहीत आहे. अपडेट अर्धवट राहिलं तर बोर्डच मुका होऊ शकतो. दुसरं, रायझन ५ ५६०० मध्ये डिस्प्लेची सोय नाही, ५६००जी मध्ये आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्या एका अक्षराकडे लक्ष द्या. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्यांचंही तसंच.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र हा नाद सोडावा. गेल्या दहा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो.

पैशाचा हिशोब

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. म्हणजे भावानं आय३-४१३० काढून त्याच बोर्डावर आय७-४७७० बसवला असता, तर दोनाचे चार कोअर झाले असते, पण विंडोज ११ च्या यादीत तो तरीही आला नसता. चौथ्या पिढीच्या बोर्डावर वापरलेला आय७ हा वर्ष-दोन वर्षं काम ढकलण्याचा उपाय आहे. स्वस्त मिळाला तरच घ्या.

माझा आडाखा असा: प्रोसेसर आणि कूलर मिळून नव्या बोर्ड-प्रोसेसर-रॅमच्या किमतीच्या एक तृतीयांशात बसत असेल तर हो, नाहीतर थांबा. नव्या संचाचा भाव विचारताना रॅम विसरू नका, जुनी डीडीआर३ प्रकारची रॅम नव्या बोर्डावर बसत नाही. मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्सही सहसा जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं.

राजारामपुरीत किंवा आणखी कुठं, वापरलेला प्रोसेसर घेताना दुकानदाराच्या बोर्डावर चालवून बघा. एएम४ चा असेल तर पिना उजेडात तिरक्या धरून बघा, एखादी वाकलेली लगेच कळते.

बसवताना

एएम४ चा कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबा आणि कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा. कूलर सरळ ओढू नका, डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. नाहीतर प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसकट वर येतो. नवा प्रोसेसर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरते. फॅनची वायर लावली का, हे झाकण बसवण्याआधी बघा.

चालू झाल्यावर तेच काम, तीच फाइल. भावाच्या पत्रिकेची फाइल आधी उघडेपर्यंत चहा व्हायचा. एसएसडी टाकल्यावर त्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला, "दादा, उघडली की!" उरलेल्या पैशांत त्यानं यूपीएसची बॅटरी बदलून घेतली.