अमेरिकेतल्या न्यूजरूममध्ये फेलोशिपला जाताय?

पहिल्याच सकाळी कुणीतरी म्हणेल, ‘चला, बजेट मीटिंग आहे.’ त्यात पैशांचा विषय नसतो. तिथे बजेट म्हणजे आज-उद्या द्यायच्या बातम्यांची यादी. या बैठकीला रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि आपली बातमी एका वाक्यात सांगता येईल अशी तयार ठेवा. आपल्याला आधी सगळी पार्श्वभूमी ऐकवायची सवय. तिथे तिसऱ्या वाक्याला लोक घड्याळाकडे बघतात.

पाहुण्यासारखं नुसतं डेस्कवर बसण्यापेक्षा माहितीचे अर्ज टाका. आपला २००५चा माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. अमेरिकेचा १९६६चा केंद्रीय कायदा मात्र कुणालाही अर्ज करू देतो, परदेशी पत्रकारालासुद्धा! कागदोपत्री मुदत कामाच्या २० दिवसांची, पण प्रत्यक्षात महिनोन्‌महिने जातात (सरकारी टेबलं सगळीकडे सारखीच). म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच करा, नाहीतर उत्तर येईपर्यंत तुम्ही परतीच्या विमानात असाल. राज्यांचे कायदे निराळे. व्हर्जिनियात हा हक्क मुख्यतः तिथल्या नागरिकांना आणि तिथे चालणाऱ्या माध्यमांना आहे. अशा ठिकाणी स्थानिक सहकाऱ्याच्या नावाने अर्ज जाऊ द्या.

आणि हो, तारखा. कोर्टाच्या कागदावर ५/६ दिसलं तर ती ६ मे, ५ जून नव्हे. वहीत महिना अक्षरातच लिहा. लाख-कोटींचे मिलियन करतानाही शून्यं दोनदा मोजा: १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १०.