वाघाचा फोटो : गालावरचा पांढरा सांभाळा

वाघाचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा गालावर. डोळ्यांच्या वरचे आणि गालांवरचे पांढरे केस एकदा जळाले (जास्त उजेडाने सपाट पांढरे झाले) की त्यातला तपशील कायमचा जातो आणि एडिटिंगमध्ये हायलाइट (उजळ भागांचा स्लायडर) कितीही खाली ओढला तरी तिथे नुसता राखाडी डाग उरतो. त्या पांढऱ्याला लागूनच काळे पट्टे असतात, त्यामुळे कॅमेऱ्याचं मीटरिंग (उजेड मोजणं) हमखास गोंधळतं. जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) असताना आणि नंतर कॉम्प्युटरसमोरही नजर त्या पांढऱ्यावर ठेवली, तर निम्म्या चुका टळतात.

गेटच्या आत जाण्याआधी

ताडोबासारख्या जंगलात धूळ हा मोठा शत्रू आहे, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. जिप्सीत लेन्स बदलू नका. १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स एका कॅमेरा बॉडीवर चढवून तशीच राहू द्या. दुसरी बॉडी असेल तर तिला ७०-२००, कारण वाघ रस्त्यानेच चालत आला तर ४०० मिलिमीटरमध्ये तो मावत नाही आणि शेपटीचं टोक कापलं जातं.

जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी. बीन बॅग घ्या, ती दोन-तृतीयांशच भरा. तांदूळ किंवा मूग, साधारण दोन-तीन किलो. गच्च भरलेल्या पिशवीवर लेन्स घसरते, सैल पिशवीत ती नीट रुतते. फोटो काढताना ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा. इंजिनची थरथर १/२०० शटर स्पीडला सहज दिसते आणि ती दाणेदार नसून पुसट असते, म्हणून नॉइज रिडक्शनने (दाणे पुसणाऱ्या सोयीने) जात नाही.

सेटिंग गेटवरच लावून ठेवा: रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा ६.३, शटर १/१०००, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो). आयएसओची कमाल मर्यादा फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) १२८०० आणि क्रॉप (लहान) सेन्सरला ६४०० ठेवा. कस्टम मोड असतील तर एकात बसलेल्या किंवा सावकाश चालणाऱ्या वाघासाठी १/५००, दुसऱ्यात धावणाऱ्या आणि पाण्यातून उठणाऱ्या वाघासाठी १/२०००. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात उजेड इतका कमी असतो की उभ्या वाघाला १/२५० पर्यंत खाली यावं लागतं. तिथे आयएसओ वाढायला घाबरू नका. नॉइज काढता येतो, हललेला डोळा परत आणता येत नाही. आवाजाचा बीप आणि फोकसचा दिवा बंद करा. फ्लॅश आणूच नका.

एक्स्पोजर

वाघ सावलीत, मागे गर्द झाडी: मीटर सगळी फ्रेम उजळवायला बघतं आणि गाल जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा फोटो उजळ किंवा गडद करणं) -०.७ ते -१ करा. वाघ उन्हाळ्यातल्या पांढुरक्या रस्त्यावर किंवा सुकलेल्या गवतात: उलटा प्रकार, वाघ काळवंडतो. +०.३ ते +०.७ द्या. पहिले दोन-तीन फोटो घेतल्यावर एकदा हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) बघा. रस्ता लुकलुकला तर चालेल, गाल लुकलुकता कामा नये.

फोकस आणि अंतर

कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखणारं फोकस असेल तर उघड्यावर तेच वापरा. गवताआडच्या वाघाला मात्र ते अनेकदा फसतं आणि पुढच्या काडीवर जाऊन बसतं. अशा वेळी एकच लहान फोकस पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवा.

एक हिशेब लक्षात असू द्या. ४०० मिलिमीटर, एफ/५.६, फुल फ्रेम, वाघ २० मीटरवर: स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ८० सेंटिमीटर. चेहरा आणि खांदा येतो, मागचा भाग येत नाही, आणि ते छानच दिसतं. पण तोच वाघ स्वतः चालत १० मीटरवर आला, तर ही खोली सुमारे २० सेंटिमीटर होते. फोकस नाकावर बसला तर डोळे निसटतात. समोरून येणाऱ्या वाघाला म्हणूनच एफ/८ करा. मायलेक मागे-पुढे बसले असतील तर एफ/११ सुद्धा कमी पडतो. ज्याचा चेहरा महत्त्वाचा, त्याच्यावर फोकस घ्या.

जवळ नेण्यासाठी ड्रायव्हरच्या मागे लागू नका. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायचं असतं, आणि फोटोच्या दृष्टीनेही दुरूनच फायदा आहे. जिप्सीतून आपण वाघाकडे वरून बघतो. तो १५ मीटरवर असेल तर पाठ जास्त दिसते आणि चेहरा दबतो. तोच ४०-५० मीटरवर असेल तर नजर जवळजवळ समपातळीला येते. उभं राहू नका, सीटवर बसा, शक्य तितकं खाली व्हा.

वाघ काय करणार आहे

चितळ आणि वानरांचा कॉल (धोक्याचा इशारा देणारा आवाज) इतर कारणांनीही होतो. सांबराचा खणखणीत कॉल पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र तिकडे थांबणं सार्थकी लागतं. गाइडचं ऐका आणि कॉल बंद झाला म्हणून लगेच निघू नका.

वाघ एखाद्या झाडाचं खोड हुंगायला लागला की कॅमेरा डोळ्याला लावूनच ठेवा. हुंगून झाल्यावर तो तोंड उघडतो, जीभ बाहेर लोंबते, नाकावर सुरकुत्या पडतात, डोळे बारीक होतात. ही डरकाळी नव्हे, गंध टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेण्याची क्रिया आहे. ती काही सेकंदच टिकते. त्यानंतर तो बहुधा पाठ फिरवून शेपटी वर करतो आणि खोडावर फवारा मारतो, तेव्हा शेपटीसाठी वर जागा सोडा. पाणवठ्यावर वाघ बऱ्याचदा उलटा, मागचे पाय आधी घालून पाण्यात उतरतो. चेहरा आपल्याकडे राहावा अशी जागा आधीच धरली तर फोटो मिळतो.

उन्हाळ्यात उन्हं चढल्यावर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा वाघ पाण्यात बघितल्यासारखा दिसतो. यावर एडिटिंगमध्ये इलाज नाही. तेव्हा दूरचे फोटो सोडा.

एडिटिंग

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचे आकडे देतोय, इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं थोडी बदलतील. आधी निवड करा: शंभर टक्के झूम करून डोळा बघा. डोळा पुसट असेल तर फोटो काढून टाका, पोझ कितीही भारी असो.

नॉइज काढणं सगळ्यात आधी, मूळ रॉवरच. पूर्ण ताकदीने काढला तर गालाचे केस मेणासारखे गुळगुळीत होतात. ३५ ते ५० च्या आसपास थांबा आणि थोडा दाणा राहू द्या.

मग व्हाइट बॅलन्स (फोटोची एकूण रंगछटा). झाडाखालच्या वाघाच्या पोटावर आणि गालावर पानांची हिरवट झाक येते. टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडे (जांभळट गुलाबीकडे) ८ ते १२ नेला की ती जाते. सकाळच्या उन्हातला गाल मात्र शुभ्र करू नका. तिथला पिवळेपणा हाच त्या वेळेचा उजेड आहे; ऑटोवर टाकलंत तर सकाळची दुपार होते.

हायलाइट -३० ते -५०, शॅडो (गडद भाग) +१५ ते +२५. शॅडो त्याहून वर गेली की काळे पट्टे तपकिरी होतात.

सर्वांत जास्त फोटो केशरी सॅच्युरेशनने बिघडतात. वाघ आधीच केशरी आहे. रंग फिका वाटला तर सॅच्युरेशनला हात न लावता केशरीचा ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) ५ ते १० ने खाली आणा, रंग आपोआप भरतो. गवताचा पिवळा भडक असेल तर तो कमी करा, पण सगळ्या फोटोवर नाही, कारण तोच पिवळा वाघाच्या अंगातही आहे. वाघाचा मास्क (फक्त वाघापुरती निवड) घेऊन तो उलटा करा आणि फक्त पार्श्वभूमीवर पिवळा -१५, एक्स्पोजर -०.३ द्या. आपोआप केलेला मास्क मिशा आणि अंगावरून जाणारी गवताची पाती चुकवतो, तिथे ब्रशने हाताने दुरुस्त करा. न केल्यास वाघाभोवती उजळ कडा दिसते आणि तो कापून चिकटवल्यासारखा वाटतो.

डोळ्यांना एक्स्पोजर +०.२, बस्स. चेहऱ्याला टेक्स्चर +१० ते +१५. क्लॅरिटीने पांढरे केस मळकट दिसतात, ती टाळा. उन्हाविरुद्ध उडणारी धूळ डीहेझने पुसू नका, तीच त्या फोटोचा जीव आहे. शार्पनिंग ४०-५०, रेडियस १, मास्किंग ७०, म्हणजे मागची मऊ झाडी किरकिरीत होत नाही.

क्रॉप करताना वाघ बघतोय त्या दिशेला जास्त जागा ठेवा. पाय कापायचाच असेल तर सांध्यावर नको. वाटेत आलेली काडी खोडून टाकण्याचा मोह आवरा: बहुतेक वन्यजीव स्पर्धांत मूळ रॉ मागतात आणि असा फोटो बाद होतो.

इंटरनेटसाठी एसआरजीबी ही रंगपद्धत, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग गुणवत्ता ८० ते ८५. एक्स्पोर्ट करताना जीपीएसची नोंद काढून टाका आणि पिल्लं असलेल्या वाघिणीची जागा कुठेही लिहू नका. शिकारी आणि गर्दी दोघांनाही तीच माहिती हवी असते. शेवटी फोटो मोबाइलवर पूर्ण ब्राइटनेस लावून बघा. गालाचे केस वेगवेगळे दिसत नसतील तर परत जाऊन हायलाइट आणखी १० ने खाली आणा.